एकाहत्तर फूट

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीची पूर्वेकडची बाजू पाडायची, हे जवळजवळ ठरलंच होतं. "ते मागाहून लावलेलं ठिगळ आहे," असं कुलगुरूंनी बैठकीत सांगितलं आणि समितीने माना डोलावल्या. मोजणीवाल्या बाईंची मान तेवढी हलली नाही. त्याच बाजूच्या वर्गात बसून त्या नकाशे काढायला शिकल्या होत्या. ठिगळ म्हणे! त्यांचं पित्त खवळलं. ती बाजू मूळचीच आहे हे सिद्ध करायला त्यांना दोन दिवस मिळाले.

पहिल्या दिवशी सकाळीच त्या कामाला लागल्या. सोबतीला शिपाईमामा. खिडक्यांना फळ्या ठोकल्यामुळे तळमजल्याच्या बोळात अंधार होता. मामा टेपचं टोक घेऊन आत गेले. बाईंची रीत ठरलेली होती. दोन झटके म्हणजे टोक धरलंय, एक झटका म्हणजे सोडलं.

दोन झटके आले. टेप ताठ झाला. बाईंनी आकडा वाचला, एकाहत्तर फूट.

"मामा, सोडा!"

एक झटका आला.

"काय सोडू?" मामा बाईंच्या मागच्या दारातून येत होते. "टोक भिंतीपाशी ठेवून मी बोळातल्या बाजूच्या दाराने चावी आणायला गेलो होतो ना, बाई."

बाई बॅटरी घेऊन आत गेल्या. बोळ बासष्ट फुटांवरच संपत होता. टेप मात्र भिंतीच्या बुडाशी असलेल्या बोटभर फटीतून पलीकडे गेला होता. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. पण हिशेब साधा होता. भिंतीपलीकडे जागा होती.

दुसऱ्या दिवशी कुलगुरूंसमोर गवंड्याने भिंत फोडली. आत दगडी जिना होता, वरून बुजवलेला. मुख्य इमारतीचे दगड आणि पूर्वेकडचे दगड एकमेकांत बोटं गुंफावीत तसे बसले होते.

गवंड्याने हात फिरवून पाहिला. "हे एकाच वेळचं काम आहे, साहेब. नंतर असं गुंफता येत नाही."

कुलगुरूंनी वाकून सांधा निरखला. मग म्हणाले, "पाडायचं रद्द."

बाहेर पोरांनी शिट्ट्यांनी आवार दणाणून सोडलं. बाईंचा ऊर भरून आला. आपलं घर वाचल्यासारखं त्यांना वाटलं.

जिन्यावरच्या बोटभर जाड धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

सगळे गेल्यावर पक्क्या नकाशासाठी शेवटचं माप उरलं. बाईंनी टोक पायरीवर ठेवलं आणि त्या बोळाच्या तोंडाशी आल्या. मामा शेजारीच उभे होते.

दोन झटके.

बाईंनी एकाहत्तर लिहिलं. कागदावर 'टोक धरणारा' असा रकाना होता. पेन तिथे थांबलं.

"माझं नाव नका टाकू, बाई," मामा हळूच म्हणाले.

बाईंनी रकाना कोरा ठेवला. घसा खाकरून त्या बोळात म्हणाल्या, "वाचली हो इमारत. सोडा आता."

बराच वेळ टेप ताठच राहिला.

मग एक झटका आला.