घोंगडीखालचा भाव

"ओ मॅडम, फोटो नका काढू. भाव फुटतो!"

मी दचकले. मोबाइल हातातून सुटता सुटता राहिला. आटपाडीच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात, त्या धुळीत आणि गलक्यात, दोन माणसं एका टॉवेलखाली हात घालून उभी होती. बोलत काहीच नव्हती, नुसती एकमेकांच्या डोळ्यांत बघत होती. मला वाटलं, काय सुंदर फोटो! आणि तेवढ्यात मागून हा आवाज.

वळून पाहिलं. उंच, सावळा मुलगा. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत कोकरू.

"भाव कसा काय फुटतो?" मी विचारलं.

"टॉवेलाखाली बोटांनी चाललंय त्यांचं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, आख्खा पंजा धरला की पाच. पुढची शून्यं दोघांना ठाऊक असत्यात. बाकी बाजाराला कळाय नको, म्हणून टॉवेल."

"अच्छा... आणि तुमचा खिसा कोकरू खातंय, ते तुम्हाला कळलंय का?"

त्यानं खाली पाहिलं. इस्त्रीच्या शर्टाचा खिसा कोकराच्या तोंडात होता. तो असा मनापासून हसला, की मी ज्या कामासाठी साताऱ्याहून दोन एसट्या बदलून आले होते, ते क्षणभर विसरलेच.

काम होतं लोकरीचं. मी, स्वानंदी, टेक्सटाइल डिझाइन शिकले, पुण्यात नोकरी केली आणि ती सोडून घरी आले. आपल्या माणदेशी मेंढ्यांच्या काळ्या, खरखरीत लोकरीची जाड, गोल बसकरं करायची आणि परदेशात विकायची, असं डोक्यात होतं. बाबा म्हणाले होते, "खुर्चीवर बसणाऱ्या लोकांना तू जमिनीवर बसायला लावणार?"

"लोकर?" कोकरूवाल्यानं भुवया उंचावल्या. "आवं, ती आमी कातरून बांधावर टाकतो. बाहेरची मऊ लोकर आली, प्लॅस्टिकची ब्लँकेटं आली... आता घोंगडी कोण घेतंय? पाहिजे तेवढी न्या. वर चहा पाजतो."

तो सूरज. बी.कॉम. झालेला. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. परदेशातल्या मालकांनी ते काम दुसऱ्या देशात हलवलं आणि एका ईमेलवर आख्खी शिफ्ट घरी आली. आता कतारच्या एका गोदामात त्याची नोकरी ठरत होती. ज्या जगानं आमची घोंगडी बाजारातून उठवली, त्याच जगात मी बसकर विकायला निघाले होते, आणि तो स्वतःच जायला निघाला होता.

"व्हिसा येईपर्यंत मोकळाच हाय," तो म्हणाला. "तवर करू की मदत."

तवर... त्या एका शब्दाचा मी पुढं किती धसका घेतला!

त्यांच्या अंगणात आमचं काम सुरू झालं. त्याची आई हरणाबाई आणि शेजारच्या बायका लोकर धुवायच्या, पिंजायच्या, साबणाच्या पाण्यात दाबून दाबून तिची बसकरं करायच्या. सूरज हिशेब आणि पार्सलं बघायचा. आणि मी? मी काळजी करायचे. बसकरांना वास तर राहणार नाही ना, खोकी भिजणार नाहीत ना, सूरज सकाळपासून जेवलाय की नाही...

एकदा नुकत्याच कातरलेल्या मेंढ्या वाऱ्यात उभ्या दिसल्या आणि मी म्हणाले, "सूरज, यांना थंडी नाही वाजणार?"

"वाजंल की. स्वेटर विणा मॅडम. लोकर त्यांचीच हाय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. रागावले असं दाखवलं, पण हसलेच.

सांगलीच्या प्रदर्शनात आम्ही पहिला स्टॉल लावला. गिऱ्हाईक समोर उभं राहून घासाघीस करू लागलं, की टेबलावरून लोंबणाऱ्या घोंगडीखाली सूरज माझी बोटं धरायचा. दोन. तीन. तोच भाव मी सांगायचे. बाजारातली विद्या त्यानं मला अशी शिकवली. धरायचा आणि लगेच सोडायचा, अगदी व्यवहारापुरतं. परतताना एसटीच्या खिडकीशी बसून मी आपलीच बोटं उगाच न्याहाळत राहायचे.

त्याचा व्हिसा आला त्याच आठवड्यात डेन्मार्कहून विचारणा आली. एका मोठ्या दुकानाला योगवर्गांसाठी बसकरं हवी होती. खरेदी बघणारे गृहस्थ निघाले आष्ट्याचे, रविराज. तिकडंच स्थायिक झालेले.

"ही ऑर्डर तिसाच्या खाली गेली, तर बायकांची मजुरी सुटत न्हाई," सूरज म्हणाला. भाव एका बसकराचा, युरोत होता. "आन ऑर्डरच न्हाई मिळाली, तर मी कतारला जातो. आईला घरी बसून किती दिवस ओझं व्हायचं?"

"जा की," मी म्हणाले. आणि उगाच एका भरलेल्या खोक्याला दुसऱ्यांदा चिकटपट्टी लावली.

व्हिडिओ कॉल सूरजच्याच घरून होता. बाहेर भुरभुर पाऊस लागलेला, पत्र्यावर त्याची बारीक टिपटिप. गारठा होता म्हणून आमच्या दोघांच्या मांडीवर मिळून एक घोंगडी होती. समोरच्या माणसाला मराठी येत असल्यामुळं आपसांत बोलायची सोय नव्हती. म्हणून ठरलं, बोटांवर चालायचं.

"ताई, माल झ्याक हाय," रविराज पडद्यावरून म्हणाले. "पण यंत्रावर केलेलं मला वीसला मिळतंय. तुमी वीस करा, लगेच ऑर्डर टाकतो."

"यंत्राच्या बसकराला मेंढी ठाऊक नसते," मी म्हणाले.

"आवं, बसणाऱ्याला तरी कुठं ठाऊक असती! शेवटचं बोला. मला पुढची मीटिंग हाय."

मी घोंगडीखाली हात पुढं केला. तीन बोटं धरेल तो, मला माहीत होतं. फार तर चार. त्याचा हात आला. गार, किंचित ओला. आणि त्यानं माझा आख्खा पंजा धरला.

पाच!

एवढे कोण देणार? पण बाजारातला माणूस तो. बाजारात असाच एकदम भाव चढवून समोरच्याला गारद करत असतील... मी श्वास घेतला.

"पन्नास," मी म्हणाले.

रविराजांचं तोंड उघडंच राहिलं. सूरजनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी घराला काडी लावली.

"पन्नास?" रविराज म्हणाले. मग त्यांची नजर पडद्याच्या खालच्या कडेला, आमच्या मांडीवरच्या घोंगडीवर गेली. "आं... घोंगडी हलली व्हय रं गड्या? माझ्या आज्यानं बैलबाजारात हयात काढली. मला नगा शिकवू!"

आणि पडदा काळा झाला. त्यांनी कॉल कापला, की पावसानं नेटवर्क गेलं, कुणास ठाऊक.

"पन्नास का म्हणालीस?" सूरज कसाबसा म्हणाला. एरवी तो मला मॅडम म्हणायचा.

"तूच पंजा धरलास ना!" मीही अहो-जाहो विसरले. "पंजा म्हणजे पाच, तूच शिकवलंस!"

"मी भाव सांगितलाच न्हवता..."

"मग काय केलंस?"

तो घोंगडीची दशी ओढत राहिला. पत्र्यावर टिपटिप. मग खाली मान घालून म्हणाला, "हात धरला हुता. नुसता. वाटलं, आता ह्यो माणूस न्हाई म्हणणार, मी जाणार... मग कवा धरायचा?"

मला हसू आलं आणि रडूही. एवढी मोठी ऑर्डर गेली होती, बायकांना काय सांगायचं कळत नव्हतं, आणि मला मात्र पौर्णिमेसारखं लख्ख वाटत होतं.

"बी.कॉम. ना तू?" मी म्हणाले. "व्यवहार चालू असताना कुणी हात धरतं?"

"चुकलंच. सोडू?"

"आता भाव झालाय," मी म्हणाले. "आता कसा सोडशील?"

तो बघतच राहिला. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या. सावळ्या माणसाचे कान असे लाल होतात, हे मला नव्यानंच कळलं.

"पण ऑर्डर न्हाई मिळाली, तरी..." तो अडखळला.

"तरी. साताऱ्याच्या मॉलसमोर स्टॉल लावू, सांगलीला लावू. तुला कतारला जायचं असेल तर जा. मी थांबेन. पण जायचं नसेल, तर माझ्यासाठी राहा... कामासाठी नको."

तेवढ्यात फोन वाजला. रविराजांचा संदेश होता: 'चाळीस देतो. नग मात्र निम्मे. आणि पुढच्या वेळी घोंगडी जरा जाड पांघरा.'

आम्ही वेड्यासारखे हसलो. निम्मे नगच हातानं वेळेत होण्यासारखे होते. ते आम्हाला दोघांनाही आधीपासून ठाऊक होतं, फक्त हावेपोटी कबूल केलं नव्हतं. सगळे नग तिसाच्या भावानं घेतले असते, तर बायकांची पाठ मोडली असती. त्या चुकीचे उपकार मी अजून मानते, आणि आष्ट्याच्या त्या न पाहिलेल्या आज्याचेही.

सूरजनं एजंटाला तिथल्या तिथं फोन लावला. "न्हाई, येत न्हाई. व्हय, विचार करूनच सांगतोय... लय विचार केलाय."

मला मात्र नवी काळजी लागली. बाबांना कसं सांगायचं? आणि त्याच्या आईला? साताऱ्याची, परक्या घरातली पोर... त्यांना चालेल?

दार ढकलून हरणाबाई चहा घेऊन आल्या. कधीपासून दाराआड होत्या, देव जाणे. त्यांनी माझ्या हातात कप दिला. मी गडबडून म्हणाले, "थँक्यू, मावशी."

त्या थांबल्या. कमरेवर हात ठेवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"थँक्यू पाव्हणं म्हणत्यात, पोरी. घरात कोण कुणाला म्हणतंय?" मग सूरजकडं एक तिरपा कटाक्ष टाकून म्हणाल्या, "आता तू कोण, ते तुझं तू ठरीव."

सूरज छताकडं बघू लागला. माझ्या तोंडात परत तोच शब्द येत होता. तो मी चहाबरोबर गिळला. कप रिकामा केला आणि त्यांच्यापुढं धरला.

"अजून घोटभर आहे?"

हरणाबाईंनी कप घेतला नाही. त्या दारातून बाजूला सरकल्या, मला आत जाता येईल एवढ्या.

"पातेलं चुलीवर हाय," त्या म्हणाल्या. "घे तुझ्या हातानं."