मागावरची कात्री

लाइट गेलीय तर जाऊ द्या, मोबाइल खाली ठेवा आणि ऐका. ऐकीव भानगड नाही ही. मुनीब माझ्या चांगल्या ओळखीचा, नांदेडला त्याचं कापडाचं दुकान. झालं ते गेल्या साली, मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या रात्री.

मुनीबचं दुकान बसत चाललं होतं. एका कारखानदारानं त्याला शब्द दिला, देगलूरच्या जुन्या काठाचा नमुना आण, मशीनवर हुबेहूब काढून देतो. मुनीबनं मोटरसायकल काढली आणि संध्याकाळी देगलूरला लक्ष्मम्माकडे पोचला. विणकरांच्या अख्ख्या गल्लीत तिचा एकटीचाच हातमाग उरलेला. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून म्हातारी खटखट विणत होती. तांबड्या काठाचं लुगडं निम्मं झालं होतं.

"अम्मा, चार बोटं कापड दे. नमुना पायजे."

"मागावरच्या कापडाला कात्री लावत न्हाईत, बाबू. पुरं होऊन उतरू दे, मग ने."

"तवर माझं दुकान उठंल की!"

"माझ्या सासऱ्याचा आजा, वीरभद्र. त्याच्या मागावरून बी गोऱ्या साहेबाच्या दलालानं असंच चार बोटं कापून नेलं. वरीसभरात तोच काठ विलायतेहून आला, निम्म्या भावात. गल्ली उपाशी मेली. वीरभद्र ह्याच खड्ड्यात बसून मेला. अजून उठला न्हाई. रोज बसताना मी म्हणते, सरका जरा."

मुनीबला हसू आलं. म्हातारी चहा टाकायला आत गेली, तशी त्यानं खिशातली कात्री काढली. काठासकट चौकोन कापला, वर फडकं ओढलं आणि चहा न पिताच निघाला. मेल्याला लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

परतीच्या वाटेवरचं नरसी गाव मागं पडलं. रस्ता सामसूम, थंडी मी म्हणत होती. तेवढ्यात आवाज आला.

खट... खट...

चेन ढिली झाली असेल म्हणून त्यानं गाडी थांबवली. चेन ठीक होती. आवाजही बंद. पुन्हा निघाला.

खट... खट...

आता अगदी पाठीमागे. मग मागची सीट दबली. कुणीतरी बसलं होतं. आरशात पाहिलं. सीट रिकामी.

गाडी पळवावी म्हटलं तर पळेना. जड झालेली. मग शर्टावरून पाठीला एक बोट टेकलं. त्याच्या शेजारी दुसरं. तिसरं. चौथं. कुणीतरी माप घेत होतं.

"कोन... कोन हाय?"

मुनीबनं खिशातलं कापड काढलं. मागं न बघता खांद्यावरून धरलं. "घ्या बाबा. चूक झाली. तुमचं तुम्हाला..."

कुणी घेतलं नाही. कानाशी कोरडा आवाज आला.

"ते नको. नमुना पायजे."

कर्र...

घरी कसा पोचला, ते त्यालाही ठाऊक नाही. उजमानं, त्याच्या बायकोनं, दार उघडलं. तो आत वळला आणि ती किंचाळली. शर्ट पाठीवर चौकोनी कापलेला. आतलं बनियन कापलेलं. त्याखाली पाठीवर चार बोटांचा चौकोन, पांढराफटक. रक्त नाही, जखम नाही. उजमानं हात लावला, चिमटा काढला. त्याला काही जाणवेना.

खरं सांगतो, मला त्याची कीव येत नाही.

उजाडताच तो देगलूरला पळाला. तुकडा म्हातारीच्या पायाशी ठेवून रडला. लक्ष्मम्मानं मागावरचं फडकं तेवढं उचललं.

लुगडं अख्खं होतं. कापलेली जागा भरलेली. पण त्या चौकोनात सूत नव्हतं. काहीतरी गव्हाळ, मऊ होतं.

"दार लाव, बाबू," म्हातारी हळूच म्हणाली. "गार वारं येतंय."

मुनीब जागचा हलला नाही. तो बघत राहिला. वाऱ्याची झुळूक आत आली, मागावरून गेली... आणि त्या चौकोनावर सर्रकन काटा आला.