शेवटच्या घराचं दार

चार्ट पेपर घ्यायला म्हणून मी एका शनिवारी गुलमंडीवर गेले, आणि घरी येऊन त्यावर एक गाव काढलं. सुरुवात एवढीच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवा तेवढा असू द्या.

रविवारी दुपारी सिडकोतल्या माझ्या फ्लॅटवर आम्ही चौघं जमायचो. मी, माझी मैत्रीण दिपाली, तिचा नवरा शिवशंकर, आणि त्याच्याबरोबर वाळूजला कारखान्यात असलेला सम्यक. आम्ही गोष्टीचा खेळ खेळायचो. त्यात पट नसतो, पडदा नसतो. एकीनं सांगायचं, 'तुम्ही वेशीपाशी उभे आहात, समोर नदी आहे'; बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीनं सांगायचं, 'मी आता हे करतो.' जमेल की नाही अशी शंका आली तर फासे टाकायचे. सांगणारी मी.

गाव रचणं सोपं असतं. रचून झाल्यावर हात मागे घेणं जड जातं. गोष्ट माझ्या मनात तयार असते, पण कुठं जायचं ते खेळणारा ठरवणार. नुसतीच मोकळीक दिली तर सगळे भटकत राहतात; लगाम ओढला तर त्यांना लगेच कळतं आणि चेहरे पडतात. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला होता, आणि तो त्या तिघांनाही सांगितला होता. कुणी काही करतो म्हटलं की 'नाही' म्हणायचं नाही.

ते गाव नदीकाठचं होतं. दिवेलागणीला नदीतून धुकं वर यायचं आणि त्यात माणसं हरवायची. धुकं कुठून येतं ते शोधायचं, अशी गोष्ट. दिपाली आणि शिवशंकर नदीकडे निघाले. सम्यकनं विचारलं, "ताई, गावाच्या शेवटी एखादं घर आहे का?"

नकाशावर तिथं काहीच नव्हतं. पण नियम होता. "आहे," मी म्हणाले. "पत्र्याचं. दार बंद."

"मी दार वाजवतो."

कुणी उघडत नाही, असं मी सांगितलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा तिथंच गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही. बाकीचे दोघं थांबून कंटाळायला लागले होते. त्याला काहीतरी मिळावं आणि गोष्ट पुढं सरकावी, म्हणून मी म्हणाले, "आतून कुणीतरी खोकलं."

सम्यक माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, खोकला कसा? घशात काही अडकल्यासारखा?... थांबून थांबून?"

"तसाच," मी म्हणाले. मला काय ठाऊक.

दिपालीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. सम्यकचा मोठा भाऊ सुगत पैठणला जातो म्हणून निघाला होता, तो परत आलाच नाही. मोटारसायकल धरणाच्या फुगवट्याच्या कडेला सापडली. पाण्यात गळ टाकले, कोळ्यांना लावलं; काही हाती आलं नाही. या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. "त्याच्या आईनं अजून त्याचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही," दिपाली म्हणाली.

मी ठरवलं, ते घर गोष्टीतून काढून टाकायचं.

पण पुढच्या रविवारी सम्यक आईला घेऊन आला. पारूबाई. पांढरं लुगडं, पायात स्लीपर, हातात मुरमुऱ्यांची पुडी. मी 'जय भीम, मावशी' म्हणून खुर्ची दिली, तर त्या खालीच बसल्या, नकाशाच्या कडेला.

"बाई, तुमच्या गावात माझं पोरगं हाये म्हनं."

"मावशी, ते गाव खरं नाही. मी मनानं रचून सांगते."

"व्हय, सांगितलं सम्यकनं. म्या भुताखेताचं काय मानत नाय, आमच्यात कुनीच मानत नाय. पर खोकला त्याचाच हाये. तेवढं एकदा इचारू द्या."

मी दिपालीकडे बघितलं.

त्या क्षणी मी एक शेवट रचला. दार उघडं आहे, घर रिकामं आहे, परसातून पावलं लांब डोंगराकडे गेली आहेत. तो गेला, एवढं तरी या बाईला कळावं. मनात वाक्यं जुळवली आणि सुरुवात केली.

"मावशी, तुम्ही त्या घरासमोर उभ्या आहात..."

पारूबाईंनी डोळे मिटले. "दार लावेल हाये," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात वीज गेली. कूलर घरघरत थांबला. उन्हासाठी पडदे ओढलेले होते, त्यामुळे खोलीत मातकट उजेड राहिला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि मग वास आला. धरणाचं पाणी आटत जातं तेव्हा काठावर उघडा पडलेला गाळ वास मारतो, तसा. शिवशंकरनं नाकाला रुमाल लावला. म्हणजे तो मला एकटीला येत नव्हता.

"सुगत..." पारूबाई म्हणाल्या, "जेवला का रं?"

घर रिकामं आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"आई, दार नको उघडू."

आवाज माझाच होता. मी बोलत होते, ओठ हलत होते. पण हे शब्द मी जुळवले नव्हते.

"इकडं लई पानी हाये... उघडलं तर तिकडं यील."

मी नाशिकची. 'यील' असं मी जन्मात कधी बोलले नाही.

सम्यक रडत होता, पण आवाज न करता. पारूबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, जणू खरंच उठायचं होतं. "यीना पानी. म्या उघडते."

सम्यकनं फासे त्यांच्या हातात दिले. दोघंही माझ्याकडे बघत होती. फासे पडले असते तर काय झालं असतं, मला आजही सांगता येत नाही. पण ते पडू द्यायचे नाहीत, एवढंच मला कळत होतं.

"नाही," मी म्हणाले. "दार उघडत नाही."

"ताई, नाही म्हणायचं नाही, तुम्हीच म्हणता ना?" सम्यक म्हणाला.

"या दाराला नाही."

पारूबाईंनी फासे अलगद खाली ठेवले.

"ऱ्हाऊ द्या. तुमची गोष्ट हाये. पर म्या दाराभायेर बसले तर चालतं नं? बसायला तर कुनाची बंदी नाय."

"बसा, मावशी," मी म्हणाले.

वीज आली. वास गेला. त्यांनी मुरमुऱ्यांची पुडी माझ्या हातात दिली, आणि मायलेक रिक्षानं भावसिंगपुऱ्याला आपल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सम्यकचा फोन आला. "ताई, जरा येता का? आई घरात जाईना."

त्यांची एकच खोली, तीन भिंती शेजाऱ्यांना लागून. पुढं दार, तेवढंच. पारूबाई पायरीवर बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. रात्रभर तिथंच होत्या. मी म्हणाले, "सम्यक, तू आत जा, म्हणजे त्याही येतील."

"कसा जाऊ?" तो म्हणाला. "काल जाताना मी कुलूप लावलं होतं. आल्यावर मीच काढलं. दार ढकललं, तर आतून कडी लागलेली."

मी ढकलून बघितलं. दार थोडं मागे गेलं आणि लोखंडाला लोखंड अडावं तसं अडलं.

शेजारचा मल्हारी सुतार आहे. तो पटाशी घेऊन आला, तेव्हा पारूबाईंनी दोन्ही हात चौकटीला लावले. "नका. तो नको म्हनला नं? मंग?" त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कित्येक दिवसांनी झोप लागलेल्या माणसासारखा तो चेहरा होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आता दोघं मल्हारीच्या मागच्या खोलीत राहतात. पारूबाई निजायला तेवढ्या तिकडे जातात. माझ्याकडचा खेळ बंद पडला. सम्यक अधूनमधून फोन करतो आणि एकच विचारतो, "ताई, पुढं काय करायचं ते तुम्हीच सांगा." दार तोडा म्हणावं तर जीभ रेटत नाही. तुम्हाला हवं ते करा, असंही म्हणवत नाही.

परवा मी तिथं असताना विजेचं रीडिंग घ्यायला माणूस आला. शेजारणीनं त्याला सांगितलं, ती खोली केव्हाची बंद आहे. त्यानं दाराबाहेरच्या मीटरवरची धूळ पुसली, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"बंद कुठली, मावशी?" तो म्हणाला. "मीटर फिरतंय. आत कुणीतरी पंखा लावून बसलंय की."

पारूबाईंनी मागे वळूनही बघितलं नाही.

"लावू द्या," त्या म्हणाल्या. "गरम व्हतंय त्याला."