अहो, बंद करा आता

दुपारी जेवायला बसलं की नाना फोन तांब्याला टेकवून उभा करायचे आणि बायकोचा व्हिडिओ लावायचे. ताटात कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातली उसळ आणि स्वतः शिजवलेला, खाली थोडा लागलेला भात. फोनमध्ये मात्र कधी बांगड्याचं तिखलं, कधी कोलंबीची कढी, कधी कोंबडी-वडे. समोर पक्वान्नं शिजताना बघायची आणि इकडे उसळ गिळायची, हा त्यांचा नेम झाला होता. शकू गेल्याला तेव्हा जेमतेम एक पावसाळा उलटला होता.

नानांचं खरं नाव सहदेव परब, पण नाहूरच्या त्या चार मजली सोसायटीत ते लहानथोर सगळ्यांचे नाना. विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात मीटर तपासण्यात त्यांची नोकरी सरली. काटा सांगेल ते खरं, बाकी सगळी हवा, असा स्वभाव. देवापुढे हात जोडायचे तेसुद्धा शकूने कोपराने ढोसल्यावर.

चॅनल ही मुलीची करणी. निधी लग्न होऊन कांदिवलीला गेली आणि रोज फोन करून आईला विचारायला लागली, वाटपात धणे किती, तिरफळं कधी घालायची. शेवटी वैतागून तिनेच तोडगा काढला. "आई, तू एकदा करून दाखव, बाबा व्हिडिओ काढतील, मी टाकते." असं सुरू झालं 'शकूचं मालवणी जेवण'.

निधीने फोन लावायचा स्टँडही आणून दिला होता. शकूने तो पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकला. "त्या काठीकडे बघून मी काय बोलू? तुम्ही धरा फोन. मी तुम्हांला सांगते, लोक ऐकतील." मग नाना फोन धरून उभे राहायचे. हात जरा थरथरायचा, त्यामुळे प्रत्येक व्हिडिओत कढई होडीत ठेवल्यासारखी हलायची. शकू "नमस्कार मंडळी" म्हणून सुरुवात करायची आणि सगळं झालं की गॅस बंद करून, फोनच्या जरा वर, थेट नानांकडे बघून म्हणायची, "अहो, बंद करा आता." शेवट कापायचा कसा ते नानांना कधी जमलं नाही. म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ते वाक्य राहिलं. बघणाऱ्यांना तेच आवडायला लागलं. खाली लोक गमतीने लिहायचे, "काका, बंद करा आता!"

नानांना आता त्या वाक्यासाठीच व्हिडिओ बघायचा असायचा. जगात त्यांना 'अहो' म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

शकू गेली हे त्या बघणाऱ्यांना माहीत नव्हतं. ते लिहीतच होते. ताई, नवीन व्हिडिओ कधी? ताई, तिरफळं कुठे मिळतील? नाना तेही वाचायचे, बरं वाटायचं. मग एका दुपारी एका नतद्रष्टाने शकूच्या पदराबद्दल काहीतरी घाण लिहिलेलं त्यांना दिसलं. त्याखाली दहाजण हसले होते. कोणीतरी तर तिचं वडे थापणं उचलून त्यावर उडतं गाणं लावलं होतं. मेलेल्या बाईला जाऊन हात लावावा तसं नानांना वाटलं. त्यांनी ताट तसंच सारलं आणि निधीला फोन लावला.

"हे सगळं बंद कर. माझ्या बायकोला कोणी बघायचं नाही."

"बाबा, डिलीट नका करू हं. नुसतं सेटिंग बदला," निधी म्हणाली. "पब्लिक म्हणजे दार सताड उघडं, कोणीही येतो. अनलिस्टेड म्हणजे दार लोटलेलं, ज्याच्याकडे लिंक तोच येणार. आणि प्रायव्हेट म्हणजे आतून कडी. मग फक्त आपल्या अकाउंटवर दिसणार, तुम्हांला नि मला."

"कडी लाव."

"तुम्हीच लावा ना. सोपंय. मी सांगते तसं दाबा." तिचा आवाज बारीक झाला. "मला नाही बघवत बाबा. आईचा फोटो आला तरी मी पटकन वर सरकवते."

निधी सांगत गेली, नाना दाबत गेले. एकेका व्हिडिओपुढे छोटंसं कुलूप उमटत गेलं. शेवटचं कुलूप लागलं तेव्हा त्यांना कितीतरी दिवसांनी शांत वाटलं. आता शकू घरात होती. फक्त त्यांची होती.

त्यांना हेच तर हवं होतं. तेराव्याला त्यांनी मागितलंही हेच होतं.

त्या दिवशी शकूच्या नावाने पान ठेवलं आणि घरात थोरले म्हणून गाऱ्हाणं घालायची पाळी नानांवर आली. मालवणी माणसाला गाऱ्हाणं शिकवावं लागत नाही. एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. नानांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आज आमच्या घरातली लक्ष्मी गेली हा." "व्हय म्हाराजा!" पुढे म्हणायचं होतं, तिला चांगली वाट दाखव, सुखाने जाऊ दे. नानांच्या तोंडून निघालं भलतंच. "तिका खंय जावक दिव नको. ह्याच घरात ठेव रे म्हाराजा!" आणि सगळा गोतावळा सवयीने एका सुरात बोलला, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्यात तोंड आधी होकार देतं, कान मागून येतात. फक्त नानांचा चुलतभाऊ नंदकिशोर हात जोडलेलेच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. नंतर जिन्यात म्हणाला, "नाना, काय मागितलंस रे तू?" नानांनी त्याला उडवून लावलं. काटा हलला नव्हता, म्हणजे काही झालं नव्हतं.

कड्या लावल्यावर पहिल्यांदा व्हिडिओ लावला तेव्हा शकू "नमस्कार मंडळी" म्हणाली आणि थांबली. नेहमीपेक्षा जरा जास्त थांबली. नाना मनात म्हणाले, नेट स्लो आहे.

दोन-तीन दुपारी असंच झालं. मग एकदा ती नुसतं "नमस्कार" म्हणाली आणि पुढचा शब्द आलाच नाही. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बोलता बोलता ऐकणारे उठून गेले की माणूस बघतं, तसं. नानांनी घास खाली ठेवला. त्यांच्या लक्षात आलं की या व्हिडिओत पूर्वी मागे शेजारच्या कुकरची शिट्टी होती, खाली खेळणाऱ्या पोरांचा दंगा होता. आता नव्हता. फोडणी पडली, तीसुद्धा आवाज न करता.

घाबरले असं नाही म्हणता येणार. मीटर बिघडला तर माणूस घाबरत नाही, तपासतो. त्यांनी तोच व्हिडिओ पब्लिक केला. शकू हसत बोलायला लागली, कुकर वाजला, पोरं ओरडली, शेवटी ती "अहो, बंद करा आता" म्हणाली. त्यांनी तो अनलिस्टेड केला. शकू बोलत होती, पण तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. पदराला हात पुसत ती दोनदा वळली, जणू कोणीतरी येणार होतं. त्यांनी तो प्रायव्हेट केला.

स्वयंपाकघरात अंधारून आलं होतं. खिडकी होती, खिडकीत उजेड नव्हता. शकू ओट्याला धरून उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "दिवा लावा ना."

नानांनी फोन उपडा केला. ताट तसंच राहिलं. संध्याकाळी त्यांनी सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारल्या, वॉचमनशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलले, वर आले. कोणाला सांगणार? निधीला सांगितलं असतं तर तिने डॉक्टर गाठला असता. आणि खरं सांगायचं तर त्यांना सांगायचंच नव्हतं. कारण प्रायव्हेटमधली शकू मंडळींशी बोलत नव्हती. ती फक्त त्यांना हाका मारत होती.

दुसऱ्या दुपारी त्यांनी पुन्हा तोच व्हिडिओ लावला. तसाच ठेवून.

"अहो, आहात ना?"

"आहे गं," नाना म्हणाले. "हा काय, इथेच आहे."

तिला ऐकू गेलं नाही. ती ओट्यावर चाचपत होती. हाताला मिठाची बरणी लागली, ती तिने जवळ ओढून घेतली. नाना फोनवर बोट फिरवत बसले, तिच्या खांद्यावरून, पाठीवरून. काच तापली होती. त्यांना कळत होतं, हे बरं नाही. पण पब्लिक केलं की ती जगाची होणार, पुन्हा पदराकडे बघणारे येणार, आणि ती त्या लोकांकडे बघून हसणार. आजचा दिवस जाऊ दे, उद्या करू, असं म्हणत त्यांनी आठवडा काढला. माणूस दुःखात किती हावरट होतो ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मग एका दुपारी शकूने हाका मारल्याच नाहीत. ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरशेजारी ती पाय पोटाशी घेऊन बसली होती. मालवणीत ती फक्त माहेरच्यांशी बोलायची, किंवा ताप भरला की. आता मालवणीतच बोलली, स्वतःशी बोलावं तशी.

"हय करमणा नाय ओ माका."

नाना रडले. शकू गेली तेव्हा रडले नव्हते एवढे रडले. इतक्या दुपारी तिला अंधारात कोंडून ते तिच्यासमोर जेवत होते.

त्यांनी तोंड धुतलं. फोन नेऊन ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवला. फोनमध्ये शकू होती तशीच बसलेली. समोर स्टूल ओढून ते बसले, हात जोडले, डोळे मिटले. देवघराकडे तोंड करायचंही त्यांना सुचलं नाही.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले. "मी चुकलंय. माझ्या स्वार्थासाठी हिका अडकवलंय. आता हिची वाट मोकळी कर. जंय जावचा आसात थंय हिका सुखान जावक दी रे म्हाराजा."

आणि थांबले. गाऱ्हाण्याला दुजोरा लागतो. घरात दुसरं कोणी नव्हतं. नळाचा थेंब पडला. खाली भंगारवाल्याची आरोळी लांब गेली. ते वाट बघत राहिले, कोणाची ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काहीच ऐकू आलं नाही. शेवटी गाऱ्हाणं अर्धवट राहू नये म्हणून त्यांनी स्वतःच दुजोरा दिला.

"व्हय म्हाराजा."

मग चष्मा लावून एकेक कुलूप काढलं. सगळे व्हिडिओ पब्लिक. खालच्या कॉमेंट तेवढ्या बंद केल्या, ते बटण त्यांना त्या दिवशी आपलं आपण सापडलं. भीत भीत तिखल्याचा व्हिडिओ लावला. खिडकीत ऊन होतं. कुकर वाजला. "नमस्कार मंडळी," शकू म्हणाली आणि पुढे न थांबता बोलत राहिली. शेवटी तिने मान वर केली.

"अहो, बंद करा आता."

"बरं," नाना म्हणाले. त्यांनी फोन बंद केला, चपला घातल्या आणि खाली दूध आणायला गेले. जिना उतरताना छातीत दुखत होतं, पण ते साधं, माणसासारखं दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी निधीचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "बाबा, आईला पब्लिक केलंत? बरं केलंत. आणि नवीन व्हिडिओ पण टाकलात की!"

"कसला नवीन?"

"बाबा, तुमचाच! ओट्यावर फोन ठेवून काढलाय, तुम्ही स्टुलावर बसलाय हात जोडून. मी अजून बघितला नाही, नुसता फोटो दिसतोय. प्रायव्हेट ठेवलाय तुम्ही."

नानांनी काही टाकलं नव्हतं. पण निधीला म्हणाले, "चुकून झालं असेल. तू नको बघू." तिने बरं म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि चॅनल उघडलं.

सगळ्यात वर तो व्हिडिओ होता. पुढे छोटं कुलूप.

त्यांनी लावला. स्वतःचा चेहरा बघून त्यांना लाज वाटली, एवढा म्हातारा, एवढा ओला. चित्र जरा हलत होतं.

बरणीला टेकवलेला फोन हलत नाही.

व्हिडिओतले नाना डोळे मिटून गाऱ्हाणं घालत होते. मी चुकलंय. वाट मोकळी कर. सुखान जावक दी रे म्हाराजा. मग ते थांबले. नळाचा थेंब पडला. भंगारवाला लांब गेला.

आणि फोन धरणारीने गाऱ्हाणं पुढे घेतलं. अगदी जवळून, हळू आवाजात.

"बा देवा म्हाराजा. ह्यांका पण खंय जावक दिव नको. माझ्यावांगडा, माझ्याजवळ हयच ठेव."

व्हिडिओतल्या नानांनी डोळे न उघडता मान हलवली.

"व्हय म्हाराजा."

नाना शेवटाची वाट बघत राहिले. "बंद करा" कोणी म्हणालं नाही. यानंतर आपण उठलो होतो, चष्मा लावला होता, दूध आणायला खाली गेलो होतो, ते त्यांना पक्कं आठवत होतं.

व्हिडिओतले नाना स्टुलावरून उठले नाहीत. त्यांच्या मागची खिडकी हळूहळू अंधारून येत होती.