मांजरतोंड्या सिंहांचं बाक

"आई, इथे एक माणूस चक्क बाकाखाली झोपलाय," मी फोनवर म्हणाले.

कोलकात्यात मराठी बोलण्याचं हे एक सुख असतं, आजूबाजूला कुणाला काही कळत नाही. बसमध्ये, बाजारात, लिफ्टमध्ये आम्ही घरचे बिनधास्त बोलतो. त्या शनिवारी मी लिलावघरात रविवारी विकायचं सामान बघत फिरत होते, आणि एका कोरीव सागवानी बाकाखालून दोन पाय बाहेर आले होते.

"झोपलो नाही," खालून मराठीत आवाज आला. "बघतोय."

मी फोन बंद केला. आधी कोळिष्टकं लागलेले केस बाहेर आले, मग चष्मा, मग हसू.

"मी सलील. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या नोकरीपायी इथे आलो, तो इथलाच झालो. माझं मराठी जरा कच्चं आहे... पण समजतं सगळं."

"ते दिसलंच," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तो जुनं फर्निचर दुरुस्त करायचा. सियालदह स्टेशनच्या मागे त्याचं वर्कशॉप होतं.

"जुनी वस्तू आधी खालून बघायची," तो म्हणाला. "वरून काय, सगळेच पॉलिश मारतात."

"मग हे बाक काय म्हणतंय?"

"करून घेणाऱ्याला व्हिक्टोरियन हवं असणार. पाठीवर गुलाबाच्या माळा, हातांवर सिंह, साहेबांकडे असायचे तसे. पण कारागीर इथला. त्याने सिंह जन्मात बघितला नव्हता."

मी वाकले. बाकाच्या दोन्ही हातांवर आयाळ लावलेल्या दोन गुबगुबीत मांजरी बसल्या होत्या. गुलाबाच्या पानांत एक रोहू मासाही पोहत होता. मी मोठ्याने हसले, तेव्हा तो बाकाकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

मला तो आवडला. इथेच सांगून टाकते, उगाच ताणत नाही.

पण मी त्याला विचारलं मात्र भलतंच. "हे सुटं होतं का?"

बाबा बँकेत. दर तीन-चार वर्षांनी बदली. म्हणून घरचा नियम असा, की जे सुटं होत नाही ते घरात येत नाही. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये आमच्या खुर्च्या घडीच्या, टेबल घडीचं, देवघरसुद्धा दोन तुकड्यांचं. माझी सव्वीस वर्षं आणि सात गावं अशीच घडी घालून झाली होती.

"होतं की," सलील म्हणाला. "चार लाकडी खुंट्या काढायच्या. एकही खिळा नाही."

दुसऱ्या दिवशी मी ते घेतलं. एका सिंहाचा कान तुटला होता आणि एक पाय डुगडुगत होता, म्हणून बाक आधी सलीलकडे गेलं.

एका कानाला आणि एका पायाला किती दिवस लागावेत? सलीलला अकरा रविवार लागले. मी बालीगंजहून गाडी पकडून जायचे. तो मला वरची कड पायऱ्यांसारखी उतरणारी तीसच्या दशकातली कपाटं दाखवायचा, साहेब लोक पाय पसरून बसायचे त्या लांब हातांच्या वेताच्या आरामखुर्च्या दाखवायचा. माझ्या ओढणीला स्पिरिट पॉलिशचा वास आठवडाभर राहायचा. न्यू टाउनच्या ऑफिसात सगळे विचारायचे, घरी रंगकाम काढलंय का?

"कान झाला नाही अजून?"

"झाला होता. दुसऱ्याशी जुळेना."

"आणि पाय?"

"पाय... जरा हट्टी आहे."

बाराव्या रविवारी मी बाबांच्या बदलीची बातमी घेऊन गेले. नागपूर. माझ्या ऑफिसची हरकत नव्हती, काम कुठूनही चालणार होतं. मागे राहायची मला सवयच नव्हती. सलीलने फक्त 'जाऊ नका' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

तो बाकाकडे वळला. "मग सुटं करून ठेवतो," म्हणाला.

पुढच्या रविवारी बाक जुन्या गोधड्यांत गुंडाळून तयार होतं, प्रत्येक गाठोड्यावर आकडा. वर एक कागद, वाकड्यातिकड्या मराठीत: 'खुंट्या हलक्या हाताने ठोका. रोज कुणीतरी बसा. वजन पडलं की सांधा घट्ट होतो, रिकामं राहिलं की ढिला पडतो.'

माझं डोकंच फिरलं.

"वा! पॅकिंग छान करता तुम्ही."

"तुमच्या घरचा नियम..."

"नियम बाबांचा आहे!" मी खुंट्यांची पिशवी उघडली. आत तीनच. "चौथी कुठाय?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग शर्टाच्या खिशातून चौथी खुंटी काढली.

"ही ठेवून घेणार होतो. हिच्याशिवाय बाक उभं राहत नाही. म्हटलं, निदान विचारायला तरी फोन कराल..." त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली. "पण ते बरोबर नाही. घ्या."

खुंटी त्याच्या खिशात राहून कोमट झाली होती.

"आणि मनातलं सांगायला अजून किती रविवार?"

"जाऊ नका... जाऊ नकोस," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला तू आवडतेस. कान, पाय, सगळं पहिल्याच आठवड्यात झालं होतं."

"माहितेय. तिसऱ्या रविवारी तू चहा आणायला गेलास, तेव्हा मी बाकाखाली शिरून बघितलं होतं."

मग आम्ही गोधड्या सोडल्या. शेवटची खुंटी मी ठोकली. "हलक्या हाताने," तो म्हणाला. मी चांगली जोरात ठोकली. दोघं बसलो, आणि बाक जरासं करकरून गप्प झालं. मी बाबांना फोन लावला.

"बाबा, बाक सुटं होत नाहीये."

"मग नागपूरला न्यायचं कसं?"

"नाही न्यायचं. ते इथेच राहील. आणि बाबा... मीपण."

पलीकडे मागून आईचं 'काय झालं, काय म्हणतेय?' चाललेलं. सलीलचं नाव मी घरी कधी घेतलं नव्हतं, पण इतके रविवार मी कुठे जाते हे न कळण्याइतके ते दोघं भोळे नव्हते.

"त्याला मराठी येतं का?" शेवटी बाबांनी विचारलं.

मी शेजारी बघितलं. सलील सिंहाचा कान कुरवाळत बसला होता. त्याचे स्वतःचे दोन्ही कान लालबुंद झाले होते.

"कच्चं आहे," मी म्हणाले. "पण समजतं सगळं."