घरचं पाणी

"पी. माझ्यासमोर हे पाणी पी, आणि मग काय बोलायचं ते बोल."

धाकटीने पेला टेबलावर इतक्या जोरात आदळला की दोन थेंब ताईच्या मनगटावर उडाले. आतल्या खोलीत आई ऑपरेशननंतर पडून होती, खिडकीपाशी आप्पा तोंडापुढे वर्तमानपत्र धरून बसले होते. ताईने पेल्याकडे पाहिलं. काठाला पोचा असलेला तोच जुना पेला... लहानपणी दोघी ज्याच्यावरून एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या तो! भर उन्हातून दोन बस बदलून ती आली होती, घशाला कोरड पडली होती आणि तिची स्वतःची बाटली केव्हाच रिकामी झाली होती. हात पुढे करायचा आणि पेला तोंडाला लावायचा, एवढंच तर होतं. पण तिने हात मांडीवरून हलवला नाही.

"मला तहान नाही," ती म्हणाली.

"तुला या घरात कधीच तहान लागत नाही, ताई. सगळ्यांचा स्वयंपाक केलास, आईला भरवलंस, आणि स्वतःचा डबा घेऊन जिन्यात जाऊन बसलीस. आमच्या अन्नात विष आहे का?"

धाकटीचा आवाज मग खाली आला, आणि तो खालचा आवाज जास्त लागला. उद्या अर्थसहाय्याची शेवटची मुलाखत आहे, ती म्हणाली, एकदा ती पार पडली की मी माझ्या पायावर उभी राहीन, आईचं मी बघेन, तुला या घरी यायचे कष्ट घ्यायला नकोत. ताईने आप्पांकडे पाहिलं. वर्तमानपत्राच्या कडेवरून आप्पांचे डोळे दिसले, आणि त्यांनी हळूच मान हलवली... नको, एकच दिवस राहिलाय. ताई उठली, रिकामी बाटली पिशवीत टाकली आणि जिना उतरून गेली. पेला होता तिथेच राहिला.

आता ही काय भानगड, असं कुणालाही वाटेल. सख्खी बहीण, आणि घोटभर पाण्याचं एवढं काय? पण या घरातल्या माणसांची गोष्टच वेगळी होती, आणि त्याचं मूळ होतं आप्पांच्या नोकरीत.

आप्पा वजनमापं खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानादुकानांतून फिरून त्यांनी तराजू तपासले, पण कुणाच्या दुकानात चहाचा कप तोंडाला लावला नाही. काट्यावर माशी बसली तरी वजन चुकतं, हे त्यांचं पालुपद. अशा नाकासमोर चालणाऱ्या माणसाच्या पोटी धाकटी जन्मली ती वाद घालतच. बोबडं बोलायची तेव्हापासून आप्पा तिला 'वकीलसाहेब' म्हणत, आणि एक दिवस वकीलसाहेबांना खरंच मोठ्या विधी महाविद्यालयात प्रवेश मिळाला! घरात आनंद मावेना. मग फीचा आकडा कळला आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. निम्मी फी बँकेच्या शैक्षणिक कर्जातून भागणार होती, त्याला आप्पा जामीन राहिले. उरलेली निम्मी दरवर्षी मुलाखत घेऊन कॉलेज देतं ते अर्थसहाय्य मिळालं तरच, आणि त्याला अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेच्या आत हवं. आप्पांची पेन्शन आत बसत होती. ताईचा पगार त्यात धरला की बसत नव्हती.

ताई दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. प्लास्टरचे साचे, मेणाच्या हिरड्या, पॉलिशचं घरघरणारं चाक... अर्ध्या शहराचे दात आमच्या ताईच्या हातात आहेत, असं धाकटी तेव्हा मैत्रिणींना ऐटीत सांगायची. तर, कुटुंब म्हणजे कोण, असा प्रश्न आप्पांनी स्वतःलाच विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं, एका चुलीवर जेवतात ते. कॉलेजात जाऊन कुणाला विचारावं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. सगळ्यांची मापं तपासणारा माणूस, मापाचा अर्थ दुसऱ्याला कशाला विचारेल!

"मग मी वेगळी राहते," ताई म्हणाली होती. इतकं सहज, की आईला ते कळायलाच वेळ लागला.

आई रडली, पण आप्पांपुढे तिचं काय चालणार? आप्पांनी बजावलं, खोटेपणा नाही चालायचा. वेगळं म्हणजे खरंच वेगळं. तिच्या पगारातला पैसा या घरात नाही, आणि या घरचा घास, घोट तिच्या पोटात नाही. धाकटीला मात्र यातलं काही कळता कामा नये, हे ताईनेच दोघांकडून वदवून घेतलं. कारण धाकटीला ती ओळखून होती... बहीण आपल्यापायी घराबाहेर पडते आहे हे कळलं असतं, तर पोरगी पुस्तकं गुंडाळून घरी बसली असती. म्हणून ताईने भांडण उकरून काढलं. माझा पगार माझा आहे, तुझ्या वकिलीचं लोढणं मी गळ्यात बांधून घेणार नाही, असं ती धाकटीला तोंडावर म्हणाली. हे वाक्य तिने लॅबमध्ये, चाकाच्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं पाठ केलं होतं. घरी मात्र ते एका दमात बोलली, आणि धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला तो तिला कधी विसरता आला नाही.

तेव्हापासून गॅरेजवरची एक खोली, आणि भिंतीला एकच खुंटी. तापाने फणफणली तरी स्वतःच उठून स्वतःला पाणी द्यायचं. लॅबमधल्या बाईंनी आणलेलं एक चांगलं स्थळ, घर सोडून एकटी राहणारी मुलगी नको, म्हणून फिरलं. तेव्हा धाकटी फोनवर एवढंच म्हणाली होती, पेरावं तसं उगवतं. ताईने फोन खाली ठेवला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हसण्यासाठी दातांची एक कवळी चकचकीत होईपर्यंत घासत बसली. रडू आलं, नाही असं नाही. पण मनात एकच होतं... एकदा तिच्या अंगावर काळा डगला चढू दे, मग सांगेन, मग सगळं सांगेन!

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आईचा फोन आला. शेवटच्या वर्षी पालकांनाही मुलाखतीला बोलावतात, म्हणून आप्पा गेले होते, पण सकाळीच त्यांना चक्कर आली होती. घरी बसा म्हटलं तर ऐकतील ते आप्पा कसले! तू जा गं, लांबून लक्ष ठेव, आई काकुळतीने म्हणाली. ताईने हाताचं प्लास्टर धुतलं न धुतलं आणि निघाली.

कॉलेजचा व्हरांडा माणसांनी भरला होता. भिंतीलगत बाक, बंद दार, दारावर शिपाई. आप्पा एका बाकावर ताठ बसले होते, मांडीवर टोपी. धाकटी कुठल्याशा सहीसाठी वरच्या मजल्यावर गेली होती. ताई खांबाआड उभी राहिली. शेजारीच एक टेबल मांडून जुन्या विद्यार्थिनी नव्यांना मदत करत होत्या. ड्रायव्हरच्या गणवेशातला एक गृहस्थ तिथे वाकून विचारत होता, माझा मोठा मुलगा कमावतो, आमच्यातच राहतो, त्याला वेगळी खोली घेऊन देऊ का, नाहीतर हिचं अर्थसहाय्य जायचं.

टेबलामागची मुलगी हसली. "अहो काका, भाऊ कितीही कमवू दे. भावंडांची कमाई आम्ही धरतच नाही. फक्त आईवडिलांचं उत्पन्न."

ताई पुढे झाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. "हा नियम... नवीन आहे का?"

"नाही हो. पहिल्यापासून हाच आहे."

पहिल्यापासून! ताईने टेबलाची कड घट्ट धरली. म्हणजे ती खोली, तो डबा, जिन्यात बसून गिळलेले ते घास, परत गेलेलं ते स्थळ, बहिणीच्या डोळ्यांतला तो तिरस्कार... यातलं काहीच लागत नव्हतं? कुणीतरी एकदा, फक्त एकदा, इथे येऊन विचारलं असतं तर! तिला असा संताप आला की तसाच आप्पांपुढे जाऊन ओरडावं, तुमच्या त्या काट्यापायी माझा जन्म वाया घालवलात म्हणून. खरंच, ती दोन पावलं पुढे गेलीसुद्धा. आणि मग तिला आप्पांची मान दिसली. कॉलर सैल झाली होती आणि मान बारीक, वाळलेली. शिपायाने नाव पुकारलं की लगेच उठता यावं म्हणून ते आधीपासूनच एक हात बाकावर टेकून बसले होते.

या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट कमावली होती, की आपलं माप चुकलं नाही. तेवढी काढून घेतली तर त्यांच्याकडे राहिलं काय? ताईचा राग तिथल्या तिथे विरला नाही, पण गिळला गेला. हे माझ्यापाशीच राहील, तिने ठरवलं, माझ्याबरोबरच जाईल.

पण लगेच दुसरी धडकी भरली. आत गेल्यावर विचारणार, घरात कोण कोण. आणि आप्पा सांगणार, सगळंच्या सगळं! ती धावतच त्यांच्यापाशी गेली.

"आप्पा, ऐका. आत माझा विषय काढू नका. एकच मुलगी आहे म्हणा... नाही, काहीच बोलू नका माझ्याबद्दल."

आप्पांनी चमकून पाहिलं. "तू इथे? आणि विचारलं तर काय सांगू? खोटं सांगू?"

"माझी शपथ आहे तुम्हाला."

"शपथ कसली घालतेस," आप्पा हळूच म्हणाले. "आज तुझा वनवास संपला, बाळ. आज मी उजळ माथ्याने सांगणार आहे."

शिपायाने नाव पुकारलं. धाकटी जिना उतरून आली, ताईला बघून तिच्या कपाळावर आठी चढली, पण बोलायला वेळ नव्हता. तिने आप्पांचा दंड धरला आणि दोघं आत गेली. दार बंद झालं. ताई त्या बंद दारापुढे उभी राहिली. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग एकदा हसण्याचा आवाज आला, एका पुरुषाचा, मोकळा, साधा... ताईला कळलं, आप्पांनी सांगून टाकलं.

दार उघडलं. धाकटीच्या हातात मंजुरीचा शिक्का बसलेली फाइल होती, आणि तिचा चेहरा त्या जुन्या भांडणाच्या दिवशी पडला होता तसा पांढरा होता. आप्पा तिच्या आधाराने चालत होते. बाकापर्यंत आले आणि बसले.

"साहेब हसले," ते म्हणाले. "म्हणाले, आजोबा, थोरलीला कशाला घराबाहेर काढलंत? आम्ही तर तिचा पगार विचारतच नाही." त्यांनी टोपी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "माझाच काटा खोटा होता गं. आणि तोललं कुणाला... तर तुला."

"तसं काही नाही, आप्पा," ताई घाईघाईने म्हणाली. "मला वेगळंच राहायचं होतं. मला एकटं राहायला आवडतं. तुमचं निमित्त झालं, एवढंच."

"मग काल पाणी का नाही प्यायलीस?"

धाकटीने विचारलं होतं. तिच्या आवाजात धार नव्हती. वकीलसाहेबांच्या पहिल्याच उलटतपासणीत ती पार उघडी पडली!

"बँकेचं कर्ज मी फेडीन," धाकटी म्हणाली, आणि तिचे ओठ वाकडे झाले. "हे कशाने फेडू? मला सांगितलं का नाहीस? मी तुला काय काय बोलले... पेरावं तसं उगवतं म्हणाले मी तुला."

"फेडायचं कुणी सांगितलंय तुला, वेडाबाई," ताई म्हणाली. भर व्हरांड्यात, इतक्या परक्या माणसांदेखत, धाकटीने तिच्या प्लास्टरने भरलेल्या हातांत तोंड खुपसलं आणि हुंदक्यांनी गदगदून रडली. आप्पांनी दोघींपैकी कुणालाच हात लावला नाही. आपल्याला तो हक्क उरला नाही असं त्यांना वाटलं असावं. मग ताईनेच त्यांचा हात ओढून घेतला. राग अजून होता तिच्या मनात, तो एका दिवसात कसा जाईल? पण हात तिने सोडला नाही.

संध्याकाळी तिघं घरी आली. आई भिंत धरून बाहेर आली, तिघांचे चेहरे पाहिले, आणि काही न विचारता खुर्चीत बसली. टेबलावर कालचा पेला तसाच होता. आईने कुणाला तो हलवू दिला नव्हता, फक्त वर एक झाकण ठेवलं होतं.

"कालचं आहे ते, थांब, ताजं आणते," धाकटी लगबगीने म्हणाली.

"हेच दे."

धाकटीने झाकण काढलं आणि पेला दोन्ही हातांनी पुढे केला. ताईने तो घेतला. आप्पा तिच्याकडे बघत होते. पहिला घोट तिच्या घशाखाली उतरेना. दुसरा उतरला. मग ती पीतच राहिली, हनुवटीवरून पाणी ओघळलं तरी थांबली नाही, पेला पुरता रिकामा झाला तेव्हाच तिने तो खाली घेतला.

"आणखी दे," ती म्हणाली.