पिवळ्या रेषेच्या आत

हरिदास नेहमीसारखा डबा घेऊन लिफ्टने खाली उतरला. उत्तर इंग्लंडमधल्या त्या मिठाच्या खाणीत, अकराशे मीटर खोल, शिशाच्या जाड भिंतींआड जर्मेनियम या मूलद्रव्याचा एक तुकडा ठेवला होता. त्यातला एखादा अणू कधीतरी एका अतिदुर्मीळ रीतीने क्षय पावेल, अशी आशा होती. १९८९ साली काम सुरू झालं. दोन वर्षांत तसा एकही क्षय सापडला नव्हता. हरिदासने वाट पाहायची आणि दर अर्ध्या तासाला वहीत लिहायचं: वेळ, तापमान, खाली माणसं किती. शेवटच्या रकान्यात तो कायम ‘एक’ लिही. बायको, मधुमती, गेल्यापासून घरीही तेच उत्तर होतं.

शिशाभोवती जमिनीवर पिवळी रेषा होती. माणसाच्या अंगातल्या पोटॅशियममधूनही किरण निघतात. रेषेच्या आत कोणी बसलं की किरण मोजणाऱ्या यंत्राचं, आलेख काढणारं पेन वर चढे.

दोन वाजता वरच्या ऑफिसातून विनयचा फोन आला. हा केंब्रिजचा तरुण संशोधक तिथे बसून रोजचा आलेख तपासायचा.

“काका, तुम्ही परत लाइनच्या आत बसताय.”

“नाही रे, मी टेबलापाशीच असतो.”

“रोज अडीचला. ऑगस्टमध्ये चढ लहान मुलाएवढा होता, म्हणून बोललो नाही. आता पूर्ण माणसाएवढा आहे... Honestly काका, असंच चाललं तर वरचे साहेब तुमच्या जागी दुसरं कोणीतरी आणतील.”

फोन ठेवल्यावर हरिदासला आपलं स्वयंपाकघर आठवलं. टेबलाला दोन खुर्च्या, आणि अख्खा दिवस.

अडीचला थोडा अवकाश होता. पंख्याची घरघर चालू होती, हवेत खारट वास होता. तो टेबलापाशी बसून पाहत राहिला. पेन थरथरलं आणि चढू लागलं. रेषेच्या आत कोणी नव्हतं.

मग तो उठला. आपण आत गेलो तर चढ दुप्पट व्हायला हवा, एवढं तरी कळेल. रेषा ओलांडून तो शिशाला पाठ टेकून बसला.

पेन खाली आलं. हळूहळू, पार तळाशी. रेघ सपाट झाली.

हरिदासने ठोका लागतो का पाहायला छातीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

फोन वाजला. तो उठून टेबलापाशी गेला.

“ब्रिलियंट, काका. एकदम flat. जसं काही खाली कोणीच नाही... असंच राहू दे, तुमची जागा पक्की.”

“बरं,” हरिदास म्हणाला.

समोर वही उघडी होती. अडीचची ओळ त्याने अजून लिहिली नव्हती, तरी ती भरलेली होती, त्याच्याच वळणदार अक्षरात. खाली माणसं: एक.

शाई अजून ओली होती.